घरी कोणी नाही

आमच्या घरात मतस्वातंत्र्य भरपूर होतं, फक्त ते अमेरिकेपुरतं होतं. अमेरिकेचा अध्यक्ष, तिथली काँग्रेस, तिथल्या सुप्रीम कोर्टातले न्यायाधीश यांच्याविषयी बाबा रोज संध्याकाळी जेवताना इतक्या तावातावाने बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, उद्या सकाळी या माणसाला वॉशिंग्टनला हजर व्हायचंय. प्रत्यक्षात उद्या सकाळी त्यांना वरच्या बेडरूममध्ये लॅपटॉपसमोर हजर व्हायचं असे. आम्ही राहायचो वेल्समध्ये, कार्डिफच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावरच्या एका गावात. गावाचं नाव सांगून उपयोग नाही, तिथे दहा वर्षं राहून आईला ते नीट उच्चारता आलं नाही. आणि या वेल्सविषयी, लंडनच्या सरकारविषयी, कौन्सिलविषयी, रस्त्यावरच्या खड्ड्याविषयीसुद्धा आमच्या घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही, असा बाबांचा दंडक होता. कारण आम्ही व्हिसावर होतो. अमेरिकेला आमचं बोलणं ऐकू जात नाही, इथल्यांना जातं, असं त्यांचं साधं शास्त्र होतं.

व्हिसाच्या पलीकडे सेटलमेंट नावाचं एक स्थळ होतं, म्हणजे या देशात कायमचं राहायची परवानगी. आमच्या देव्हाऱ्यात गणपती होता, बाळकृष्ण होता, पण नवस सगळे सेटलमेंटसाठी. त्याला काही वर्षं उरली होती तेव्हापासून ‘एवढं सेटलमेंट होऊ दे’ हे वाक्य आमच्याकडे मिठासारखं सगळ्यात पडायचं. नवा सोफा? सेटलमेंट होऊ दे. शेजारच्या ग्वेनबाईंच्या कुंपणाची फळी आमच्या बागेत पडली, ती उचलून परत द्यायची की नाही? सेटलमेंट होऊ दे. ती फळी आमच्याकडे दोन हिवाळे पडून होती. शेवटी ग्वेनबाई स्वतःच येऊन घेऊन गेल्या, आणि जाताना आमचे आभार मानून गेल्या.

बाबा नागपूरचे, आई पुण्याची. त्यामुळे घरात तिखट दोन प्रकारचं होतं, एक ताटातलं आणि एक जिभेवरचं. रविवारी सकाळी बाबा तर्री-पोहे करायचे. तर्रीची फोडणी बसली रे बसली की पॅसेजमधला स्मोक अलार्म किंचाळायला लागे, बाहेर छपरावरचे सीगल त्याला साथ देत, आणि मी खुर्चीवर उभी राहून अलार्मखाली टॉवेल फडफडवत असे. माझ्या बालपणाचा आवाज कोणता असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन. बाबा सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेत. धूर बाहेर गेला पाहिजे म्हणून लोक खिडक्या उघडतात, बाबा वास बाहेर जाऊ नये म्हणून लावायचे. आम्ही तिघं डोळ्यांतून पाणी गाळत पोहे खायचो आणि बाबा म्हणायचे, “मस्त झाले ना?”

दार वाजलं की आमची कवायत ठरलेली असे. आईने स्वयंपाकघरातला दिवा घालवायचा, मी टीव्हीचा आवाज बंद करायचा, आणि बाबांनी पडद्याच्या फटीतून बघायचं. पार्सलवाला असला तर दार उघडायचं. गळ्यात ओळखपत्र लटकवलेला कुणीही माणूस असला तर घरी कोणी नाही. एकदा ही कवायत चोख पार पडली असताना कुकरने शिट्टी दिली. बाबांनी कुकरकडे असं पाहिलं की त्या जागी माणूस असता तर त्याने नोकरीच सोडली असती. बाहेरचा माणूस थोडा वेळ थांबला आणि गेला. तो दरवर्षी शरद ऋतूत यायचा, हातात टॅब घेऊन. मतदारयादीत कुणाचं नाव घालायचं राहिलंय का, एवढंच विचारायचा. ते आम्हाला कौन्सिलकडून येणाऱ्या पत्रांवरून माहीत होतं. पण बाबांचं म्हणणं, आपलं नाव कुठल्याच यादीत नको, आणि तसंही आपल्याला इथे मत नाही. हे त्यांना इथे आल्या आल्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं होतं. सहकारी पुण्याचा होता, तेव्हा ठामपणेच सांगितलं असणार.

कॉलेजात मी पॉलिटिक्स हा विषय घेतला तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं. “पॉलिटिक्स घेऊन का नगरसेवक होतेस का?” बाबा म्हणाले. मी त्यांना अभ्यासक्रम दाखवला. त्यात अर्धा भाग अमेरिकेचं शासन होता. बाबांचा चेहरा खुलला. त्या दिवसापासून ते माझे खासगी शिक्षक झाले. अमेरिकन घटनेची पहिली दुरुस्ती त्यांनी मला पाच बोटांवर शिकवली. अंगठा धर्माचा, तर्जनी बोलण्याची, मधलं बोट वृत्तपत्रांचं, अनामिका जमण्याची, आणि करंगळी सरकारकडे तक्रार करण्याची. “करंगळी सगळ्यात छोटी आहे, पण तिच्याशिवाय मूठ पक्की होत नाही,” असं ते मूठ आवळून सांगत. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, “अहो, ती करंगळी भाजीत मीठ कमी पडल्यावर वापरता तुम्ही, तेवढी पुरे.”

नागरी स्वातंत्र्य वेगळं आणि नागरी हक्क वेगळे, हे आमचे प्रॉसर सर तीन तास समजावत होते आणि वर्गात कुणाच्याही डोक्यात शिरलं नव्हतं. मी घरी येऊन आईला विचारलं. तिने लाटणं खाली ठेवलं नाही. “सासूने तुझ्या स्वयंपाकघरात लुडबुड न करणं हे स्वातंत्र्य. आणि दोन सुना असल्या तर दोघींना सारखंच वाढणं हा हक्क. पहिल्यात सासूने काही करायचं नाही, दुसऱ्यात करायलाच पाहिजे. कळलं?” मी ते सासूचं नाव काढून, सरकारचं घालून निबंधात लिहिलं. प्रॉसर सरांनी समासात मोठी बरोबरची खूण केली. आजवर या विषयावर मी बरीच जाड पुस्तकं वाचली, त्यांत याहून जास्त काही सांगितलेलं मला सापडलं नाही.

आई कार्डिफच्या हॉस्पिटलात रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये होती. तिची पाळी सकाळी सातला सुरू व्हायची. आमच्या चढावरून सकाळी सहाला एक बस सुटे, तीच तिची बस. गाडी घरात नव्हती आणि चालवताही कुणाला येत नव्हती, घेणं आणि शिकणं दोन्ही सेटलमेंटनंतर ठरलं होतं. त्या बसमध्ये ठरलेली माणसं असत. सफाईला जाणाऱ्या ग्वेनबाई, वॉर्डातल्या दोघी केरळच्या नर्सेस, बेकरीतला एक पोरगेला माणूस जो कायम झोपलेला असे आणि ज्याला त्याच्या स्टॉपवर आई हलवून उठवत असे. आई त्या बसविषयी माहेराविषयी बोलावं तसं बोलायची. एका संध्याकाळी ती घरी आली, पर्स टेबलावर ठेवली आणि कोट न काढता खुर्चीवर बसली. स्टॉपवर नोटीस लागली होती. बस कंपनी सकाळी सहाची फेरी बंद करणार होती. पुढची बस आठला.

“आठला गेले तर मला ठेवणार नाहीत,” आई म्हणाली. “लॅबमध्ये दुसरी पाळी नाहीये.”

मी नुकतीच बसचं प्रकरण वाचून आले होते, त्यामुळे फुशारक्या मारायला मागेपुढे पाहिलं नाही. अमेरिकेत एक काळी बाई गोऱ्या माणसासाठी बसमधल्या सीटवरून उठली नाही आणि सगळा देश हलला, असं मी आईला सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं. “मला सीट मिळते गं,” ती म्हणाली. “बसच नाहीये.”

नोटिशीत खाली लिहिलं होतं की चर्चच्या हॉलमध्ये सभा आहे, लोकांनी येऊन मत मांडावं. आईने बाबांकडे पाहिलं. बाबा डाळीत लिंबू पिळत होते आणि ते लिंबू केव्हाच कोरडं झालं होतं. “हे पाहा,” ते म्हणाले, “आपला अर्ज सहा महिन्यांवर आलाय. आता कशाला कुणाच्या नजरेत यायचं? ग्वेन जाईल ना. ती बोलेल. तिचाच देश आहे.”

“आणि नोकरी माझीच आहे,” आई म्हणाली.

त्याच आठवड्यात प्रॉसर सरांनी वर्गात सहज विचारलं, सोळा पूर्ण झालेल्या कुणाकुणाने मतदार म्हणून नाव नोंदवलंय. वेल्समध्ये इथल्या निवडणुकांना सोळाव्या वर्षी मत देता येतं. मी बाबांनी शिकवल्याप्रमाणे सांगितलं, “आय कान्ट, सर. मी भारतीय आहे.” सर म्हणाले, भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, तुझ्याकडे इथे राहायचा व्हिसा आहे, तुला मत आहे, तुझ्या आईवडिलांना तर तुमचं पहिलं सामान विमानातून उतरलं तेव्हापासून आहे. आणि ते पुढच्या मुद्द्याकडे वळले. मला पुढचा मुद्दा कोणता होता ते आजही सांगता येणार नाही.

घरी सांगितल्यावर बाबा म्हणाले, “तू नीट ऐकलं नसशील.” मग ते वर गेले. खूप वेळ वरून फक्त कीबोर्डचा आवाज येत होता. खाली आले तेव्हा चहा निवला होता. तो तसाच प्यायला त्यांनी. “आहे म्हणे,” ते म्हणाले. जो माणूस दरवर्षी आमच्या दारात येऊन आम्हाला मत घ्या मत म्हणत होता, त्याच्यापासून आम्ही दरवर्षी अंधारात लपलो होतो. कुणी उधारी मागायला यावं आणि लपावं तसे. मला हसू आवरेना, आणि बाबांचा चेहरा पाहून हसताही येईना. ते एवढंच म्हणाले, “असलं तरी वापरलंच पाहिजे असं कुठं आहे?” पहिल्या दुरुस्तीची पाचही बोटं त्या वेळी कपाच्या दांड्याभोवती गुंडाळलेली होती.

सभेला आई गेली. मी तिच्याबरोबर गेले. बाबा आमच्यामागे आले, ते आईने काही बोलू नये याची काळजी घ्यायला. हॉलमध्ये चहाची मोठी टाकी खदखदत होती आणि बेदाणे घातलेल्या वेल्श केक्सची थाळी होती. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो, दाराजवळ, निसटायला सोयीचं. बस कंपनीचा माणूस तरुण आणि गोड बोलणारा होता. त्याने पडद्यावर तक्ते दाखवायला सुरुवात केली. आमची माणसं घरोघरी जाऊन आली, लोकमत घेतलं, आणि सहाच्या फेरीला लोकांचा पाठिंबा नाही असं स्पष्ट दिसतंय, असं तो म्हणाला. मग त्याने एकेक रस्ता दाखवला. आमच्या रस्त्यासमोर लिहिलं होतं, हरकत नाही.

ग्वेनबाईंनी उभं राहून विचारलं, आमच्या रस्त्यावर विचारलं कुणाला? तो म्हणाला, प्रत्येक दार वाजवलं होतं. ज्यांनी दार उघडलं नाही त्यांची हरकत नाही असं धरलंय.

बाबा माझ्या शेजारी होते, त्यामुळे मला दिसलं. त्यांच्या मानेवरून लाली वर चढत गेली. आदल्या महिन्यात, मंगळवारी भर दुपारी, ते घरून काम करत असताना दार वाजलं होतं आणि ते पडद्यामागे उभे राहिले होते. हे त्यांनीच आम्हाला रात्री जेवताना सांगितलं होतं, थोड्या अभिमानाने. पण ती लाली शरमेची होती असं मी म्हणणार नाही. बाबांचं काम एका बँकेतली माहिती तपासायचं होतं. रिकाम्या रकान्यात कुणी शून्य भरलं की ते खवळत. आमच्या घरात त्यांचा आवाज फक्त त्या एका गोष्टीवरून चढायचा, आणि तो बंद दाराआडून, मीटिंगमधल्या लोकांवर. देशाबद्दल, सरकारबद्दल, स्वतःच्या बायकोच्या नोकरीबद्दल हा माणूस गप्प बसू शकत होता. रिकामं आणि शून्य एकच समजणाऱ्याबद्दल नाही.

ते उभे राहिले. आईने, जी बोलायला म्हणून आली होती तिने, त्यांचा कोट धरून खाली ओढला. “अहो, बसा.” पण ते बसले नाहीत.

“एक्स्क्यूज मी,” बाबा म्हणाले. “ब्लँक इज नॉट झीरो.”

त्या गोड माणसाला कळलं नाही. बाबांनी समजावलं, आणि समजावताना त्यांचं इंग्रजी नागपूरच्या दिशेने वाहत गेलं. दार उघडलं नाही म्हणजे उत्तर मिळालं नाही, ‘हरकत नाही’ असं उत्तर मिळालेलं नाही. तुम्ही दुपारी दारं वाजवली. सहाच्या बसने जाणारा माणूस दुपारी कामावर असतो, नाही तर झोपलेला असतो. तुम्ही बस ज्यांना लागत नाही त्यांना विचारलंत, आणि ज्यांना लागते त्यांच्या वतीने स्वतःच उत्तर लिहिलंत. माझ्या ऑफिसात असा तक्ता कुणी केला तर मी त्याला परत बसवून करायला लावीन. हॉलमध्ये कुणीतरी हसलं, पण बाबांना नाही.

पुढे बसलेली एक बाई सगळं लिहून घेत होती. तिने मान वर केली. “तुमचं नाव आणि पत्ता, सर?”

मी आईचा हात धरला. या प्रश्नासाठीच तर आम्ही इतकी वर्षं दिवे घालवत होतो. बाबांनी घसा साफ केला आणि नाव सांगितलं, आडनाव गुल्हाने, त्याचं स्पेलिंग सांगितलं, घरनंबर सांगितला. मग म्हणाले, “आम्ही दार उघडलं नव्हतं. आम्ही घरी होतो.”

“तुम्ही या बसने जाता का?” कंपनीच्या माणसाने विचारलं.

“नाही,” बाबा म्हणाले. “माय वाइफ.” आणि ते बाजूला सरकले.

आई उठली. घरी तिने चार मुद्द्यांचं भाषण तयार केलेलं होतं, मी ऐकलं होतं, चांगलं होतं. त्यातलं ती काहीही बोलली नाही. “आय डोन्ट हॅव अ स्पीच,” ती म्हणाली. “आय हॅव अ शिफ्ट. अ‍ॅट सेव्हन.” आणि बसली. ग्वेनबाई म्हणाल्या, माझीपण. मग त्या केरळच्या नर्सेसपैकी एक म्हणाली. बेकरीतला माणूस चक्क जागा होता, त्याने हात वर केला.

घरी परतताना चढावर बाबांनी तीनदा सांगितलं, “गेलं सेटलमेंट.” आई म्हणाली, “अहो, पहिली दुरुस्ती वापरलीत तुम्ही. अमेरिकेची आहे म्हणून काय झालं, चालवून घेतील.” पुढचे काही महिने बाबा पोस्टमनकडे गुन्हेगाराच्या नजरेने बघत. जेवताना अमेरिकासुद्धा बंद झाली. मला घरातली ती शांतता अजिबात आवडली नाही, आणि मी एकदा रागाने अध्यक्षांबद्दल मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलले, तरी त्यांनी मला दुरुस्त केलं नाही. त्या दिवशी मला त्यांची फार कीव आली, आणि खूप मायाही आली. आयुष्यात एकदा ते उघडपणे खरं बोलले होते आणि त्याची शिक्षा स्वतःच भोगायला बसले होते, कुणी दिलेली नसताना.

बस राहिली. आधीपेक्षा पाच मिनिटं लवकर सुटायला लागली, कंपनीला तेवढा तरी सूड उगवायचाच होता. आईने कुरकुर केली आणि गजर पाच मिनिटं अलीकडे लावला. आणि सेटलमेंटही झालं. ईमेल आला तेव्हा बाबांनी तो वाचला, मग पुन्हा वाचला, मग बोटाने अगदी खालपर्यंत सरकवत नेला.

“काय शोधताय?” आईने विचारलं.

“सभेचं काहीच नाही यात,” बाबा म्हणाले.

“मग बरंच आहे की.”

“हो, बरंच आहे,” ते म्हणाले. पण त्यांचा आवाज थोडा पडलेला होता. एवढं भाषण केलं, नाव-पत्ता स्पेलिंगसकट दिला, आणि सरकारने साधी नोंदही घेतली नाही. त्या रविवारी तर्री नेहमीपेक्षा जास्त तिखट झाली होती.

आता मी मोठी झालेय. लोकमताची पाहणी कुठे छापून आली की मी आधी शेवटची ओळ वाचते, ‘सांगता येत नाही’ म्हणणाऱ्यांची. विद्वान लोक त्यांना उदासीन म्हणतात. मला त्या ओळीत पडदे दिसतात, आणि प्रत्येक पडद्यामागे जेवण अर्धं टाकून उठलेलं एक कुटुंब.

सेटलमेंट झालं त्या वर्षी शरद ऋतूत एका संध्याकाळी दार वाजलं. आईचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि स्वयंपाकघरात अंधार झाला. मी टीव्हीचा आवाज बंद केला. बाबांनी फटीतून पाहिलं. टॅब घेतलेला तोच माणूस होता, थोडा म्हातारा झालेला. बाबा क्षणभर पडद्याची कड धरून उभे राहिले. मग अंधारातच चाचपडत पॅसेजमध्ये गेले आणि त्यांनी दार उघडलं.

तो माणूस दोन पावलं मागे सरकला. त्याने टॅबकडे पाहिलं, मग घराच्या नंबराकडे पाहिलं. “सॉरी,” तो म्हणाला, “माझ्याकडे हे घर रिकामं दाखवलंय. खूप वर्षांपासून.”

“नो, नो,” बाबा म्हणाले. “वी आर ऑल हिअर.” आणि त्यांनी मागे वळून हाक मारली, “अगं, दिवा लाव.”